लाल दांडा किती मागे ओढावा? विमानाच्या पिस्टन इंजिनातील लीन मिश्रणाचा वाद

पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानात वैमानिकाच्या हाताशी सहसा काळा, निळा आणि लाल असे तीन दांडे असतात; अगदी साध्या विमानात निळा नसतो. काळा दांडा थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात किती हवा जाऊ द्यायची हे ठरवणारा. निळा दांडा पंख्याच्या पात्यांचा कोन बदलून इंजिनाचे फेरे ताब्यात ठेवतो. लाल दांडा मिक्श्चरचा असतो आणि आत आलेल्या हवेबरोबर पेट्रोल किती मिसळावे हे त्याच्यावर ठरते. मोटार चालवणाऱ्याला काळ्या दांड्याची ओळख ॲक्सिलरेटरच्या रूपाने असते, लाल दांड्याची मात्र मुळीच नसते, कारण मोटारीत ते काम संगणक चालकाला न विचारता करून टाकतो. लाल दांडा पूर्ण पुढे असला की मिश्रण ‘फुल रिच’ असते, म्हणजे त्यात पेट्रोल भरपूर असते. तो मागे ओढत गेले की मिश्रण ‘लीन’ होत जाते. आणि पूर्ण मागे ओढला की पेट्रोल तुटून इंजिन बंद पडते. विमान ठरलेल्या उंचीवर स्थिर झाल्यावर हा दांडा नेमका किती मागे ओढावा, या एका प्रश्नावर अमेरिकेतील खाजगी वैमानिक, इंजिनांचे कारखाने आणि दुरुस्ती करणारे मेकॅनिक यांच्यात गेली 25-30 वर्षे वाद चालू आहे.

वाद समजण्यासाठी हा दांडा मुळात का ठेवावा लागला हे पाहिले पाहिजे. उंचीवर हवा विरळ होते. सुमारे 18,000 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. साध्या कार्ब्युरेटरला ही विरळता पुरती ओळखता येत नाही, त्यामुळे तो वर गेल्यावरही हवेच्या मानाने जास्त पेट्रोल सोडत राहतो. मिश्रण नको तितके रिच होते, इंजिन गुदमरल्यासारखे चालते आणि स्पार्क प्लगवर काजळी धरते. हे टाळण्यासाठी वैमानिकाने दांडा मागे घ्यायचा, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. उड्डाण घेताना मात्र जमिनीलगतच्या दाट हवेत इंजिन पूर्ण ताकदीवर चालत असते आणि तेव्हा मुद्दाम गरजेपेक्षा जास्त पेट्रोल दिले जाते. ‘जास्तीचे पेट्रोल इंजिनाला थंड करते’ असे या वेळी सांगितले जाते. ते पूर्णपणे चुकीचे नाही, पण त्याचे खरे कारण वेगळे आहे आणि पुढच्या वादाचा सगळा धागा त्यातच अडकलेला आहे.

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल लागते. या प्रमाणात पेट्रोलही उरत नाही आणि प्राणवायूही उरत नाही. यापेक्षा पेट्रोल जास्त झाले की मिश्रण रिच होते आणि कमी झाले की लीन होते. इंजिनाला सर्वाधिक शक्ती मिळते ती मात्र या आदर्श प्रमाणावर नाही, तर थोड्या रिच मिश्रणावर, साधारण साडेबारा ते तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल असताना. कारण थोडे पेट्रोल जास्त ठेवले की आत आलेल्या हवेतील प्राणवायूचा कणन् कण वापरला जातो. याउलट लीन बाजूला, 16 किंवा त्याहून अधिक भाग हवेला एक भाग पेट्रोल असताना, शक्ती कमी मिळते, पण प्रत्येक लिटरमागे मिळणारे काम सर्वाधिक असते. हवा शिल्लक आहे, म्हणून आत गेलेल्या पेट्रोलपैकी काहीही वाया जात नाही.

हे प्रमाण कॉकपिटमध्ये थेट मोजता येत नाही. त्याऐवजी एक्झॉस्ट नळीत तापमापक बसवतात आणि त्याच्या वाचनाला ईजीटी म्हणतात. दांडा फुल रिचपासून हळूहळू मागे घेतला की हे तापमान चढत जाते, आदर्श प्रमाणाच्या आसपास शिखर गाठते आणि आणखी मागे घेतल्यावर पुन्हा उतरू लागते. म्हणून वैमानिकांच्या बोलण्यात ‘शिखराच्या रिच बाजूला इतके अंश’ किंवा ‘शिखराच्या लीन बाजूला इतके अंश’ अशी भाषा असते. अमेरिकी मापके फॅरनहाइटमध्ये असली तरी येथे फरक सेल्सियसमध्ये देतो. सर्वाधिक शक्ती शिखराच्या रिच बाजूला साधारण 40 ते 70 अंशांवर मिळते. सर्वाधिक काटकसर शिखराच्या लीन बाजूला साधारण 10 ते 30 अंशांवर साधते. तिसरी जागा मात्र नवख्याला चकवते: सिलिंडरचे माथे सर्वांत जास्त तापते ते एक्झॉस्टच्या शिखरावर नव्हे, तर शिखराच्या रिच बाजूला सुमारे 25 अंशांवर. म्हणजे सर्वांत गरम एक्झॉस्ट आणि सर्वांत गरम सिलिंडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दांड्याच्या दोन वेगळ्या जागांवर त्या घडतात.

ईजीटीचा आकडा भीतिदायक दिसतो. 700 ते 840 अंश हे त्याचे नेहमीचे क्षेत्र. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या मापकाकडे पाहून घाम फुटणे साहजिक आहे. पण या आकड्याला स्वतंत्र अर्थ जवळपास नाही. एक्झॉस्टची झडप चार टप्प्यांपैकी साधारण एकाच टप्प्यात उघडी असते, मधल्या काळात तापमापकावरून गरम वायू जातच नाही आणि मापक दाखवतो ती या सगळ्याची सरासरी. तापमापक नळीत दोन सेंटिमीटर पुढेमागे बसला तरी आकडा बदलतो. सिलिंडरच्या आत तर ज्योतीचे तापमान 2,000 अंशांच्या वर जाते आणि तरीही पिस्टन वितळत नाही, कारण धातूला चिकटून राहिलेला वायूचा पातळ थर उष्णता अडवतो. इंजिनाला खरा त्रास कशाचा होतो, तर आतला दाब किती चढतो आणि तो पिस्टनच्या प्रवासात नेमका कोणत्या क्षणी चढतो याचा.

विमानाच्या इंजिनात ठिणगी मॅग्नेटो देतो आणि बहुतेक इंजिनांत तिची वेळ ठरलेली असते: पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, फेऱ्याचे 20 ते 25 अंश उरले असताना. तिथून मिश्रण पेट घेते, ज्योत पसरते आणि दाब चढत जातो. हा दाब पिस्टन वरच्या टोकावरून साधारण 15 अंश खाली उतरल्यावर शिखराला पोहोचला, तर ढकलण्याचे काम उत्तम होते. मिश्रण वेगाने जळले की दाबाचे शिखर अलीकडे सरकते. पिस्टन अजून माथ्यालगत असतो, वायूला पसरायला जागा नसते, म्हणून दाबही जास्त चढतो आणि सिलिंडरच्या भिंतींना उष्णताही जास्त मिळते. मिश्रण सावकाश जळले की शिखर उशिरा येते आणि बुटके राहते. आता महत्त्वाची गोष्ट अशी की मिश्रण सर्वांत वेगाने जळते ते थोड्याशा रिच अवस्थेत. तिथून अधिक रिच करा किंवा अधिक लीन करा, दोन्ही दिशांना ज्वलन मंदावते. उड्डाणाच्या वेळी ओतलेले जास्तीचे पेट्रोल इंजिनाला वाचवते ते मुख्यतः असे ज्वलन मंद करून. आणि नेमके हेच काम शिखराच्या पलीकडे, पुरेशा लीन बाजूला, पेट्रोलऐवजी जास्तीची हवा करते.

एवढे पटले की ‘लीन चालवले की इंजिन जळते’ हे जुने वाक्य अर्धेच उरते. फुल रिचपासून निघून थोडेसे लीन केले, तर सिलिंडर खरोखरच तापत जातो. तिथे थांबणारा वैमानिक पाहतो की दांडा मागे घेतला आणि तापमान चढले. मग तो घाबरून दांडा परत पुढे करतो आणि आयुष्यभर लीनपासून दूर राहतो. तो आणखी मागे गेला असता, तर तापमान उतरताना दिसले असते. माझ्या मते या वादातील निम्मा गोंधळ ‘अर्धवट लीन’ आणि ‘पुरते लीन’ यांना एकाच नावाने हाक मारल्यामुळे झाला आहे.

यात जुन्या पुस्तिकांचाही हात आहे. एक्झॉस्टचे तापमान पाहून मिश्रण ठरवण्याची साधने छोट्या विमानांत 1960 च्या दशकात रुजली. अल हुंडेरे यांची अल्कोर ही कंपनी त्यात अग्रेसर होती. तेव्हा बहुतेक विमानांत एकच तापमापक असे आणि शिखर सापडले की त्याच्या रिच बाजूला 50 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे 28 अंश सेल्सियसवर, दांडा ठेवावा असा सल्ला रूढ झाला. वरचा हिशेब आठवला तर ध्यानात येईल की सिलिंडर सर्वाधिक तापण्याची जागा जवळपास हीच. कमी शक्तीवर याने काही बिघडत नाही. पण 75 टक्के शक्तीवर तासन् तास असे चालवणे म्हणजे इंजिनासाठी सर्वांत कठीण जागा निवडून तिथेच मुक्काम करण्यासारखे आहे.

लीन बाजूचे समर्थक इतिहासाचा दाखला हटकून देतात आणि त्यात अटलांटिक महासागर एकट्याने विनाथांबा ओलांडणारे पहिले वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे नाव सर्वांत आधी येते. 1944 मध्ये लिंडबर्ग नागरी तांत्रिक सल्लागार म्हणून न्यू गिनीतील अमेरिकी 475 व्या फायटर ग्रुपमध्ये पोहोचले. त्या तुकडीकडे दोन ॲलिसन इंजिनांची पी-38 लाइटनिंग विमाने होती आणि लिंडबर्ग उड्डाणाहून परतत तेव्हा त्यांच्या टाकीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल उरलेले असे. त्यांनी वैमानिकांना शिकवले ते असे: फेरे मिनिटाला 1,600 पर्यंत खाली आणा, त्या बदल्यात इंजिनात हवेचा दाब वाढवा आणि मिश्रण ‘ऑटो लीन’वर, म्हणजे यंत्राने आपोआप राखलेल्या लीन जागेवर, ठेवा. इंजिने फुटतील अशी भीती तरुण वैमानिकांना वाटत होती. प्रत्यक्षात इंजिने धड राहिली आणि सहा-सात तासांच्या मोहिमा नऊ तासांपर्यंत लांबवता येऊ लागल्या. गोष्ट खरी आहे, पण आजच्या वादात ती सरसकट वापरली जाते ते मला पटत नाही. लिंडबर्ग यांच्या बचतीत कमी फेऱ्यांचा वाटा मोठा होता, आणि ‘ऑटो लीन’ म्हणजे शिखराच्या पलीकडचे पुरते लीन असे धरून चालता येत नाही.

त्याहून भक्कम दाखला मोठ्या प्रवासी विमानांचा आहे. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, सुपर कॉन्स्टेलेशन आणि डग्लस डीसी-7 या विमानांना राइट कंपनीची आर-3350 घराण्यातील 18 सिलिंडरांची इंजिने असत. यांपैकी पहिले विमान मुंबईच्या आठवणीतले आहे: एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन 8 जून 1948 रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि कंपनीची आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली, 1954 पासून तिच्या ताफ्यात सुपर कॉन्स्टेलेशनही आली. अशा विमानांत वैमानिकांच्या मागे फ्लाइट इंजिनिअरची स्वतंत्र जागा असे. सुपर कॉन्स्टेलेशन आणि डीसी-7 यांच्या टर्बो-कंपाउंड, म्हणजे एक्झॉस्टवर फिरणाऱ्या टर्बाइनांची जोड असलेल्या, इंजिनांवर लांब पल्ल्याच्या मार्गांत तो मिश्रण तापमानावरून नव्हे, तर शक्तीवरून ठरवत असे. इंजिनाची प्रत्यक्ष पीळशक्ती दाखवणारे मापक त्याच्यासमोर असे. आधी सर्वाधिक शक्तीची जागा शोधायची आणि मग मापक साधारण 10 टक्के खाली येईपर्यंत मिश्रण लीन करायचे, ही पद्धत. ही जागा शिखराच्या लीन बाजूला येते. म्हणजे ज्याला छोट्या विमानांच्या जगात जादूटोणा म्हटले गेले, ते महासागर ओलांडणाऱ्या विमान कंपन्या त्याआधी कित्येक वर्षे रोज करत होत्या.

विरोधकांचे यावर उत्तर आहे आणि ते कच्चे नाही. त्या विमानात या कामासाठी एक पूर्णवेळ माणूस होता, पीळशक्तीचे मापक होते, प्रत्येक प्लगची ठिणगी पडद्यावर दाखवणारे विश्लेषक यंत्र होते, आणि त्या काळचे 115/145 ग्रेडचे पेट्रोल आजच्यापेक्षा धडाक्याला, म्हणजे मिश्रण अवेळी एकदम पेटण्याला, अधिक दाद न देणारे होते. शिवाय टर्बो-कंपाउंड इंजिने टिकाऊपणासाठी प्रसिद्ध होती असेही नाही. इंजिन बंद पडून तीन इंजिनांवर परतणारी विमाने त्या काळी विनोदाचा विषय झाली होती. मात्र त्या इंजिनांचे दुखणे बरेचसे एक्झॉस्टवर चालणाऱ्या त्यांच्या टर्बाइनांशी जोडलेले होते, हेही त्याच दमात सांगायला हवे.

मग छोट्या विमानांत लीन चालवण्याची अडचण काय होती? अडचण रसायनाची नव्हती. ती वाटणीची होती. लायकॉमिंग आणि कॉन्टिनेंटल या दोन कंपन्यांची चार किंवा सहा सिलिंडरांची, आडवी, हवेने थंड होणारी इंजिने या क्षेत्रात सर्वत्र आहेत. कॉन्टिनेंटलच्या 550 मालिकेतील इंजिनात सहा सिलिंडरांत मिळून नऊ लिटर जागा असते, म्हणजे एकेक सिलिंडर दीड लिटरचा, मारुतीच्या एखाद्या अख्ख्या इंजिनाएवढा. अशा इंजिनात पेट्रोल प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी नोझलमधून अखंड वाहत असते. झडप बंद असतानाही ते थांबत नाही. साठलेल्या त्या वाफेतील थोडा भाग शेजारचा सिलिंडर ओढून घेतो. परिणामी एकाच दांड्याच्या एकाच जागेवर एक सिलिंडर शिखराच्या रिच बाजूला, दुसरा शिखरावर आणि तिसरा लीन बाजूला, अशी विभागणी होते. रिच बाजूला याने फारसे जाणवत नाही, कारण तिथे शक्तीचा आलेख जवळजवळ सपाट असतो. पेट्रोल थोडे कमीजास्त झाले तरी प्रत्येक सिलिंडर सारखाच जोर लावतो. लीन बाजूला मात्र शक्ती पेट्रोलच्या प्रमाणात सरळ उतरते, म्हणून पेट्रोलमधला थोडा फरक थेट शक्तीतला फरक होतो. जोडीतला एक बैल जोर लावतो आणि दुसरा अंग चोरतो तेव्हा गाडी जशी हिसके खाते, तसे इंजिन थरथरू लागते. वैमानिकाला वाटते मिश्रण लीन झाल्यामुळे इंजिन बिघडत आहे; वास्तविक सहा सिलिंडरांचे एकमत नसते, एवढेच.

1990 च्या दशकात ओक्लाहोमा राज्यातील एडा या गावी जॉर्ज ब्रेली आणि टिम रोएल यांच्या जनरल एव्हिएशन मॉडिफिकेशन्स, म्हणजे ‘गॅमी’, या कंपनीने हा दोष नोझलमध्येच दुरुस्त केला. प्रत्येक सिलिंडरला किती पेट्रोल कमी-जास्त मिळते ते मोजून त्यांनी वेगवेगळ्या मापांची नोझल बनवली, जेणेकरून सगळे सिलिंडर शिखराला जवळपास एकाच वेळी पोहोचावेत. यासाठीची चाचणी सोपी आहे: दांडा अगदी सावकाश मागे घ्यायचा, प्रत्येक सिलिंडर शिखराला पोहोचताना पेट्रोलचा प्रवाह किती होता ते टिपायचे, आणि पहिल्या व शेवटच्या सिलिंडरमधला फरक तासाला अर्ध्या गॅलनच्या, म्हणजे सुमारे दोन लिटरच्या, आत आहे का ते पाहायचे. फरक त्याच्या आत असला तर इंजिन लीन बाजूलाही सहसा गुळगुळीत चालते. याच सुमारास सर्व सिलिंडरांचे तापमान एकत्र दाखवणारी आणि नोंदवून ठेवणारी इलेक्ट्रॉनिक मापके स्वस्त झाली. ब्रेली यांनी एडा येथे चाचणी-मंच उभारून सिलिंडरच्या आतला दाब प्रत्यक्ष मोजून दाखवला. मोठ्या पिस्टन विमानांवर आणि पुढे जेटवर कारकीर्द केलेले जॉन डीकिन यांनी हीच बाजू सडेतोड लेखांतून मांडली, आणि तिथून वादाला तोंड फुटले.

कारखान्यांची भूमिका सरसकट एक नव्हती. लायकॉमिंगने शिखराच्या पलीकडे जाण्याबद्दल सावधगिरीचा सूर लावला: तत्त्व मान्य असले तरी नेहमीच्या वैमानिकाच्या हाती, नेहमीच्या मापकांवर, हे करणे जोखमीचे आहे आणि वाचलेल्या पेट्रोलपेक्षा बिघडलेल्या इंजिनाचा खर्च मोठा होऊ शकतो. त्यांच्या सूचनांप्रमाणे 75 टक्क्यांपेक्षा जास्त शक्तीवर लीन करायचे नाही; त्याखाली टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) नसलेल्या इंजिनात काटकसरीसाठी शिखरापर्यंत जाता येते. कॉन्टिनेंटलने तर काही इंजिनांसाठी लीन बाजू स्वतःच सांगितली होती. 1980 च्या दशकातील पायपर मालिबू हे त्याचे ठळक उदाहरण. त्याचे 310 अश्वशक्तीचे टीएसआयओ-520-बीई हे इंजिन शिखराच्या लीन बाजूला 50 अंश फॅरनहाइटवर प्रवास करण्यासाठीच बांधले होते. पुढे त्या इंजिनांबद्दल तक्रारी वाढल्या आणि पायपरने 1989 च्या मालिबू मिराजमध्ये लायकॉमिंगचे 350 अश्वशक्तीचे इंजिन घेतले. एका बाजूने म्हटले, पाहा, लीन चालवल्याचा हा परिणाम. दुसऱ्या बाजूने म्हटले, वैमानिकांनी पुस्तिका न मानता भीतीपोटी दांडा थोडा पुढे ठेवला आणि इंजिन नेमके सर्वांत गरम जागी चालवले. एकाच घटनेतून दोन उलट निष्कर्ष निघतात ते असे, आणि तिच्यावरून कोणतीही बाजू सिद्ध होत नाही असे मला वाटते.

जळालेल्या झडपांचा आरोपही नीट तपासण्यासारखा आहे. एक्झॉस्टची झडप आपली बहुतेक उष्णता बंद असताना आपल्या बैठकीला देते. बैठक समकेंद्री नसली, झडप एका बाजूने किंचित उघडी राहिली, तर तिथून तप्त वायू निसटत राहतो आणि कडा जळत जाते. बोअरस्कोप, म्हणजे सिलिंडरच्या आत डोकावण्याची बारीक नळी, घालून पाहिल्यास अशा झडपेवर एका बाजूला वेगळ्या रंगाचा डाग दिसतो. पूर्वी अशी झडप सापडली की मेकॅनिक मालकाला एकच प्रश्न विचारत, लीन चालवत होतात का, आणि उत्तर ‘हो’ आले की चौकशी तिथेच संपत असे. फुल रिच चालवणाऱ्यांच्याही झडपा जळत होत्या, त्यांच्या बाबतीत मात्र दोष दुसऱ्या कशाला तरी दिला जाई.

विरोधकांच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा धडाक्याचा, म्हणजे डिटोनेशनचा, आहे. दाब आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली की ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेटते. त्या धक्क्याने धातूवरचा वायूचा संरक्षक थर उडतो आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. जास्त शक्तीवर शिखराभोवतीचा पट्टा यासाठी धोक्याचा असतो आणि लीन बाजूला जायचे तर वैमानिकाला तो पट्टा ओलांडूनच जावे लागते. एखाद्या नोझलमध्ये कचरा अडकला, तर तो एकटा सिलिंडर इतरांपेक्षा लीन होतो: बाकीचे रिच बाजूला असतील तर हा धोक्याच्या पट्ट्यात शिरतो, आणि बाकीचे आधीच पुरते लीन असतील तर हा फक्त मंदावतो. म्हणजे हा मुद्दा दोन्ही बाजूंनी चालतो. टर्बो असलेल्या, जास्त दाबाने चालणाऱ्या इंजिनात चुकीची किंमत मोठी असते, कार्ब्युरेटरच्या इंजिनात वाटणी नोझल बदलून सुधारता येत नाही, आणि एकच तापमापक असलेल्या विमानात तर उरलेले सिलिंडर कुठे आहेत हे कळायला मार्गच नसतो. अशा विमानात लीन बाजू टाळणारा वैमानिक भित्रा नव्हे, समजूतदार आहे.

पैशांचा हिशेब काढल्याशिवाय हा वाद का पेटला हे कळणार नाही. शिखराच्या लीन बाजूला हवा मुबलक असल्याने शक्ती केवळ पेट्रोलवर ठरते. ज्या इंजिनात पिस्टन मिश्रण साडेआठ पट दाबतो, त्यात तासाला एक अमेरिकी गॅलन पेट्रोलमागे सुमारे 14.9 अश्वशक्ती मिळते, लिटरमध्ये सांगायचे तर तासाला एका लिटरमागे जवळपास चार. 300 अश्वशक्तीचे इंजिन 65 टक्क्यांवर, म्हणजे 195 अश्वशक्तीवर, चालवायचे तर लीन बाजूला तासाला साधारण 50 लिटर पुरतात. तीच शक्ती रिच बाजूला घ्यायची तर 58 ते 60 लिटर लागतात. शक्ती तीच, म्हणून वेगही तोच. पण येथे एक मेख आहे. लीन बाजूला तीच शक्ती मिळवण्यासाठी इंजिनात हवा जास्त घ्यावी लागते आणि टर्बो नसलेल्या विमानात 8,000 फुटांच्या वर थ्रॉटल आधीच पूर्ण उघडलेला असतो. घ्यायला आणखी हवा नसते. तिथे लीन केले की शक्ती घटते आणि विमान काही नॉट मंदावते. पेट्रोल वाचते, पण वेळ जातो. आणि इंजिनाची देखभाल तासांवर मोजली जात असल्याने त्या वेळेचीही किंमत असते.

एक फायदा मात्र खर्चाच्या पलीकडचा आहे. रिच मिश्रणात प्राणवायू अपुरा पडल्याने एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात असतो. लीन बाजूला तो जवळजवळ नाहीसा होतो. बहुतेक छोट्या विमानांत कॉकपिट गरम करण्यासाठीची हवा एक्झॉस्ट नळीभोवतीच्या आवरणातून घेतात, आणि त्या नळीला तडा गेला तर हा वासरहित वायू सरळ आत येतो. थंड प्रदेशात हिवाळ्यात उडणाऱ्यांसाठी हा मुद्दा पेट्रोलच्या बिलापेक्षा मोठा आहे, आणि वादात तो जितक्या वेळा यायला हवा तितक्या वेळा येत नाही.

आज ब्रेली-डीकिन पंथाने रूढ केलेली ‘लाल पेटी’ची कल्पना बऱ्याच वैमानिकांनी स्वीकारली आहे. शक्ती जितकी जास्त, तितका शिखराभोवतीचा टाळायचा पट्टा रुंद. 75 टक्के शक्तीवर तो रिच बाजूच्या सुमारे 100 अंश सेल्सियसपासून लीन बाजूच्या सुमारे 22 अंशांपर्यंत धरतात. 65 टक्क्यांवर तो आकसून शिखराच्या रिच बाजूला उरतो. आणि 60 टक्क्यांच्या खाली पेटीच उरत नाही, दांडा कुठेही ठेवला तरी आतला दाब इंजिनाला इजा होईल इतका चढत नाही. सोबत सिलिंडरच्या माथ्याचे तापमान 200 अंश सेल्सियसच्या खाली ठेवण्याचा दंडक असतो, जरी कागदोपत्री मर्यादा कॉन्टिनेंटलची 238 आणि लायकॉमिंगची 260 अंशांपर्यंत जाते. कारण त्या तापमानाला पोहोचण्याआधीच ॲल्युमिनियमची ताकद बरीच घटलेली असते. सिरसच्या एसआर22 विमानाच्या पुस्तिकेत लीन बाजूचा प्रवास अधिकृतपणे दिलेला आहे, आणि टोर्नेडो ॲली कंपनीच्या टर्बोसह 2006 पासून आलेल्या एसआर22 मध्ये तर तीच प्रवासाची अपेक्षित पद्धत ठरली. म्हणजे भांडण संपलेले नसले तरी ते ‘लीन की रिच’ यावरून सरकून ‘कोणत्या इंजिनात, किती शक्तीवर, कोणत्या मापकांसह’ यावर आले आहे, आणि ते आधीपासून तिथेच असायला हवे होते.

पेट्रोलचा प्रश्न यात नव्याने मिसळत आहे. या इंजिनांचे नेहमीचे इंधन ‘ॲव्हगॅस 100एलएल’ असून त्यात धडाका रोखण्यासाठी शिशाचे संयुग असते. भारतात ते पूर्वी आयात केले जाई; इंडियन ऑइलने सप्टेंबर 2022 पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली आणि जानेवारी 2023 मध्ये पहिली निर्यात नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून पापुआ न्यू गिनीला झाली. बारामतीसारख्या ठिकाणी प्रशिक्षण विमाने याच इंधनावर उडतात, आणि जमिनीवर टॅक्सी करताना दांडा मागे घेण्याचा सल्ला त्यांनाही लागू पडतो, कारण कमी फेऱ्यांवर रिच मिश्रण चालले की शिशाचे खडे प्लगवर जमतात. या एका बाबतीत दोन्ही पंथ एकमताने बोलतात. अमेरिकेत शिसेविरहित पर्याय शोधण्याची मुदत 2030 ठेवली आहे, आणि तिथे सप्टेंबर 2022 मध्ये ठिणगीवर चालणाऱ्या सर्व पिस्टन इंजिनांसाठी मंजुरी मिळालेले पहिले शिसेविरहित 100 ऑक्टेन इंधन ब्रेली यांच्याच गॅमीचे आहे. डायमंड डीए42 सारख्या विमानांनी दुसरी वाट धरली आहे: त्यांची डिझेल जातीची इंजिने जेटच्या इंधनावर चालतात, मिश्रण संगणक ठरवतो आणि कॉकपिटमध्ये लाल दांडा मुळी ठेवलेलाच नाही.